अक्का मागे राहिलेली नाही

आफ्रिकेतल्या टांगा बंदराच्या धक्क्याला त्या काळी मोठे जहाज लागत नसे. ते दूर पाण्यात नांगर टाकून उभे राही आणि प्रवाशांना होडीतून त्याच्यापर्यंत नेत. त्यामुळे आमच्याकडे निरोप दोनदा घ्यावा लागे. एकदा धक्क्यावर, माणसाचा हात हातात असताना. आणि पुन्हा एकदा जहाजाच्या कठड्यावरून, माणूस बोटाएवढे दिसू लागल्यावर. मी इंग्लंडला निघालो तेव्हा माझी थोरली बहीण अक्का पहिल्या निरोपाला हजर होती, दुसऱ्याला नव्हती. मी कठड्याशी येऊन पाहिले तेव्हा धक्क्यावर आई होती, अप्पा होते, आणि अक्काची काळी छत्री बाजाराच्या रस्त्याने शाळेकडे निघालेली होती. तिचा भूगोलाचा तास होता.

हे इतक्या बारकाईने सांगण्याचे कारण असे, की पूर्वी टांग्यात राहिलेल्या आम्हा मराठी कुटुंबांचे संमेलन यंदा लीड्सला भरते आहे, आणि त्याच्या स्मरणिकेसाठी ग्लासगोच्या प्रभाकरने लिहिलेला लेख सर्वांना वाचायला पाठवण्यात आला आहे. प्रभाकर निवृत्त डॉक्टर आहे, सज्जन आहे, आणि त्याची स्मरणशक्ती कल्पनाशक्तीच्या आधाराने चालते. त्याने लिहिले आहे, "आफ्रिकेने आम्हाला हाकलले. मागे राहिलेली वत्सलाताई जहाज दिसेनासे होईपर्यंत धक्क्यावर अश्रू ढाळत उभी होती." त्या दिवशी प्रभाकर आठ वर्षांचा होता आणि गोवर येऊन घरी पडून होता. वत्सला म्हणजे आमची अक्का. ती रडली नाही असे मी म्हणत नाही. रडली असल्यास वर्गाच्या दाराशी पोचण्याआधी रडून मोकळी झाली असणार. आणि आम्हाला कोणी हाकलले नाही. पुढे घरे सरकारजमा झाली, दुकाने बंद पडली, पुष्कळांना नाइलाजाने निघावे लागले, हे मी नाकारत नाही. परंतु मी निघालो तो स्वतःच्या पायांनी, आणि अक्का राहिली तीही स्वतःच्याच पायांनी.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. प्रभाकर टांगानिकाला 'ब्रिटिशांची वसाहत' म्हणतो. नव्या पिढीसाठी सांगतो. टांगा हे त्या देशाच्या किनाऱ्यावरचे बंदर. घोड्याच्या टांग्याशी त्याचा काही संबंध नाही, हा खुलासा अप्पांना चिपळूणच्या नातेवाइकांना जन्मभर करावा लागला. तो देश आधी जर्मनांकडे होता. पहिल्या महायुद्धात ते हरल्यावर तो इंग्लंडच्या हाती सांभाळायला दिला गेला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी त्याला विश्वस्त प्रदेश ठरवले. म्हणजे घर तिथल्या माणसांचे; ती आपला कारभार आपण चालवू लागेपर्यंत इंग्लंडने ते राखायचे आणि मग किल्ल्या परत करायच्या. राखणदार नीट वागतो की नाही, हे पाहायला दर तीन वर्षांनी चार देशांचे चार प्रतिनिधी येत. आम्ही त्यांना नुसते 'मंडळ' म्हणत असू. गव्हर्नरसाहेबांचा तोरा मालकाचाच असे, हे खरे. पण ज्याच्यावर तपासनीस येतो तो मालक नव्हे. हा फरक आम्ही त्या वयातही जाणत होतो आणि शाळेच्या मैदानावर त्यावरून भांडतही होतो.

मंडळापुढे कोणालाही गाऱ्हाणे मांडता येई. मी मॅट्रिकच्या वर्गात असताना ते टांग्याला आले, तेव्हा टाउन हॉलमध्ये सकाळपासून रीघ लागली. कोणी जमिनीचे मांडले, कोणी पाण्याचे, कोणी शेजाऱ्याच्या बकऱ्यांचेही. आफ्रिकी पुढाऱ्यांनी मात्र एकच गोष्ट मागितली: आमचे राज्य आमच्या हाती कधी येणार, ती तारीख सांगा. आम्हा मराठी मंडळींना मुलांसाठी मराठीचा एक वर्ग हवा होता. आज ही मागणी आठवली की मला हसू येते आणि थोडे भरूनही येते. देश कोणाचा हे ठरत असताना आम्ही बाराखडी मागत होतो.

मंडळासोबत टिपणे घ्यायला एक गोऱ्या बाई आल्या होत्या. आमचे बोलणे आटोपले तशी आई उठली, आणि कोणाला काही कळायच्या आत तिने त्या बाईंना कुंकू लावून त्यांची ओटी भरली. खण, तांदूळ, नारळ. बाई गोंधळल्या. ओटीतला नारळ त्यांनी टेबलावर ठेवला, पेन उचलले आणि आमच्या बाजूने दुभाषी म्हणून उभ्या असलेल्या अक्काला विचारले, की या बाईंची मागणी नेमकी काय आहे.

अक्काने आईकडे पाहिले. आई म्हणाली, "मागणी कसली? बाईमाणूस दारी आलं, रिकामं कसं पाठवायचं? सांग तिला, नारळ उचल म्हणावं. टेबलावर ठेवायचा नसतो."

अक्काने ते शब्दशः इंग्रजीत सांगितले. बाईंनी पेन खाली ठेवले आणि नारळ पुन्हा ओटीत घेतला. त्यांचे लग्न झाले होते की नव्हते, हे आईने विचारले नाही. प्रभाकरच्या लेखात या प्रसंगाचे 'साहेबांना खूश करण्यासाठी श्रीफळ' असे झाले आहे. प्रभाकर, त्या सभागृहात सकाळपासून प्रत्येक जण काही ना काही मागत होता. काही दिले ते एकट्या माझ्या आईने.

आता अप्पांविषयी. चारांपैकी एका प्रतिनिधीने अप्पांना विचारले, "या लोकांना स्वतःचा कारभार पाहण्याइतके तयार व्हायला किती काळ लागेल, असे तुम्हाला वाटते?" अप्पा कस्टम्समध्ये हेडक्लार्क होते, गोऱ्या साहेबाला काय ऐकायला आवडेल, हे त्यांना पुरते ठाऊक होते. प्रभाकर लिहितो, की अप्पांनी 'हे लोक अजून तयार नाहीत' असे सांगितले. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. अप्पा म्हणाले, "साहेब, आम्ही इथले पाहुणे. यजमानानं आपलं घर कधी ताब्यात घ्यावं, हे पाहुण्यानं सांगू नये." 'तयार नाहीत' हे उद्गार दुसऱ्या एका गृहस्थांचे होते. ते कोण, हे प्रभाकरने आपल्या घरातल्या जुन्या फोटोंपुढे उभे राहून स्वतःला विचारावे. मी नाव लिहीत नाही, कारण ते आता हयात नाहीत आणि मला ते प्रेमाने पेरू देत असत.

अप्पांच्या त्या उत्तराचा मला तेव्हाही अभिमान वाटला, आजही वाटतो. अक्काला तो वाटला नाही. घरी आल्यावर तिने पायांतल्या चपलाही काढल्या नाहीत.

"अप्पा, इथली माणसं म्हणतात, पाहुणा दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. आपला तिसरा दिवस कधीच उलटून गेला."

अप्पा बराच वेळ टोपी झटकत राहिले. मग म्हणाले, "मी आता वाकू शकत नाही गं. तू घे कुदळ."

माझ्या मते आमच्या घराची वाटणी त्या वाक्याने झाली. भांड्याकुंड्यांची नव्हे, माणसांची. स्वराज्याला वीस-पंचवीस वर्षे लागतील असा शहाण्यांचा अंदाज होता; त्याच्या निम्म्यालाही काळ पोचला नाही तोच जुना झेंडा उतरला. अक्काने नव्या देशाचे नागरिकत्व घेतले आणि ती सरकारी शाळेत शिकवू लागली. अप्पा आपल्या शब्दाला जागले. पाहुण्याने वेळेवर उठावे म्हणून निवृत्त होताच आईला घेऊन चिपळूणला गेले. जिथे फक्त लहानपण काढले होते त्या गावात ते उरलेले दिवस जरा परक्यासारखेच राहिले. आणि मी? नव्या राज्यात नोकऱ्या आधी तिथल्या माणसांना मिळणार होत्या, आणि त्या तशाच मिळायला हव्या होत्या. मी ना कुदळ घेतली, ना चिपळूण. मी तिसरी वाट धरली आणि लीड्सला आलो.

इथल्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी उभा जन्म काढला. लोकांचे रक्त काचेवर पाहिले. ते कोणत्या खंडातले आहे हे काचेवरून कधीच कळले नाही. सुमनशी लग्न झाले, सेमी-डिटॅच्ड घर झाले, नितीन झाला. कोणी विचारले, "बट व्हेअर आर यू रिअली फ्रॉम?" की मी जर्मनांपासून सुरुवात करी. विचारणाऱ्याची बस निघून जाई. सुमन म्हणायची, "अहो, त्यांना एका शब्दात उत्तर हवं असतं." एका शब्दाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. सुमन गेल्याला आता बरीच वर्षे झाली. उत्तर लांबलेलेच राहिले, ऐकणारे कमी झाले.

गेल्या वर्षी अक्का अंगणात पडली आणि तिचे मनगट मोडले. फोन झैनबूचा आला. झैनबू तिची जुनी विद्यार्थिनी. तीही आता आजी झाली आहे आणि कुटुंबासह अक्काच्याच आवारात राहते. बातमी कळताच नितीन ब्रिस्टलहून आला, सोबत माझी नात माया. "अक्काआजी तिकडे एकटा राहतो, नाना. इट्स नॉट सेफ," माया म्हणाली. तिचे मराठी मी कधी सुधारत नाही. त्यात माया असते तेवढे पुरे. ठरले, की अक्काला लीड्सला आणायचे. व्हिसासाठी सॉलिसिटर गाठला. त्याने मान हलवली, अवघड आहे म्हणाला. मी त्यालाच दटावले. कौन्सिलकडे पाठपुरावा करून बाथरूममध्ये आधाराचा दांडा बसवून घेतला. खालची मागची खोली रंगवली, जाड पडदे लावले, कारण नव्वदीतल्या बाईला यॉर्कशरची थंडी सोसणार नव्हती. या वयात मी इतक्या उत्साहाने कधी खपलो नव्हतो. सगळी व्यवस्था झाली. तिला विचारणे तेवढे राहिले होते.

एका रविवारी आम्ही तिघे टॅब्लेटपुढे बसलो. पलीकडे अक्का, प्लास्टर केलेला हात उशीवर, मागे झैनबू.

नितीनने रीतसर सुरुवात केली. "आत्या, किती दिवस तू एकटी मॅनेज करणार आहेस? स्वयंपाक कोण करतं? पडलीस तर डॉक्टर किती लांब? औषधं वेळेवर घेतेस का?"

अक्काने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग मागे वळून झैनबूला स्वाहिलीत काही म्हणाली. झैनबू तोंडावर पदर धरून हसू लागली.

"काय म्हणालीस तिला?" मी विचारले.

"म्हटलं, मंडळ आलंय पाहणीला. चहा टाक."

नितीनला संदर्भ कळला नाही. मला कळला, आणि माझे कान तापले. मी दांड्याविषयी सांगितले, पडद्यांविषयी सांगितले, इथली इस्पितळे कशी उत्तम आहेत ते सांगितले. तुझी काळजी वाटते म्हणालो. मी थांबल्यावर अक्का म्हणाली, "बाळ्या, हे झालं माझ्या हातापायांचं. तुला काय हवंय?"

कोणाच्याही कोणत्याही विधानाला माझ्यापाशी खंडन तयार असते, ही माझी ख्याती आहे. त्या वेळी नव्हते. नितीन आणि माया शेजारी बसलेले असताना मी म्हणालो, "तू हवी आहेस. घरात बोलायला कोणी नाही."

"मग तसं म्हण ना. माझ्या मनगटाआड कशाला लपतोस?" तिचा आवाज अगदी मऊ झाला होता. "ऐकून फार बरं वाटलं बघ. पण मी येणार नाही. इथे रस्त्यात पोरं मला म्वालिमु म्हणतात, म्हणजे शाळेतल्या बाई. तिथे मी नुसती तुझ्या मागच्या खोलीतली म्हातारी. त्यापेक्षा तू ये की इकडे. समोरची खोली रिकामी आहे, झैनबू भात चांगला करते."

"मी कसा येऊ?" मी म्हणालो. "माझं घर इथे आहे."

अक्का माझ्याकडे पाहत थांबली. वर्गातल्या मुलाला स्वतःचे उत्तर ऐकू येईपर्यंत ती अशीच थांबत असे.

जन्मभर मी 'घर' म्हणताना टांगा मनात धरला, 'गाव' म्हणताना चिपळूण, आणि लीड्सला 'इकडे' म्हणत आलो. 'माझं घर इथे आहे' हे वाक्य त्या रविवारपर्यंत मी मराठीत, इंग्रजीत किंवा स्वाहिलीत, कोणाशीच उच्चारलेले नव्हते. नितीन माझ्याकडे वळून पाहत होता. त्याचा जन्म याच घरातला. इतकी वर्षे बाप आपल्या घरात मुक्कामाला असल्यासारखा वागतो, हे त्याने कधी बोलून दाखवले नव्हते. त्याने नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला. "रविवारी फोन करत जा," अक्का म्हणाली, "सकाळी नको, मुलं येतात शिकायला."

तेव्हा स्मरणिकेच्या संपादकांस माझ्या दोन दुरुस्त्या. लेखासोबतच्या अक्काच्या फोटोखालचे 'मागे राहिलेली' हे शब्द काढून 'वत्सलाताई, शिक्षिका, टांगा' एवढेच छापावे. प्रभाकरची हरकत असल्यास त्याने थेट तिच्याशी बोलावे, ती त्याची उत्तम कानउघाडणी करील. आणि नावांच्या यादीत माझ्या नावापुढे 'मूळ टांगा, सध्या मुक्काम लीड्स' असे छापले आहे. त्यातले 'सध्या मुक्काम' कृपया खोडावे.