इराची कॉन्फरन्स

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. ज्या मैत्रिणींबरोबर दर रविवारी फिरायला जाते त्यांना तर नाहीच — कारण खोटं त्यांच्याशीच बोलले. मग तुम्हाला का सांगतेय? तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून असेल.

मी अमेरिकेत, अल्फारेटात राहते, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. नवरा लवकर गेला, आता घरात एकटीच. मुलगी इरा इथेच जन्मली, इथेच वाढली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्येच देते. ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीत बायॉलॉजीत पीएचडी करत होती — ती तिनं अर्धवट सोडली. नाचासाठी. नाच म्हणजे भरतनाट्यम असतं, तर मी लोकांना कौतुकानं सांगितलं असतं. पण इराचा नाच — कसं सांगू? कधी ती नुसतीच उभी राहते, कधी जमिनीवर लोळते, मध्येच बोलायला लागते. व्हिएन्नातल्या एका छोट्या ग्रुपबरोबर ती काम करायला लागली आणि मी गप्प राहिले. "इरा कशी आहे?" "रिसर्च चाललाय." एवढंच. त्याला खोटं म्हणायचं का? तेव्हा वाटायचं, नाही — नुसतं न सांगणं आहे.

मग जर्मनीतल्या एका महोत्सवाचं तिला बोलावणं आलं. जर्मन बोलणाऱ्या देशांत मोठ्या सरकारी थिएटरांच्या बाहेर, आपले आपण नाटक-नृत्य करणारे ग्रुप असतात, त्यांचा महोत्सव. इराचा एकटीचा, तासभराचा प्रयोग निवडला गेला होता. फोनवर तिला धड बोलता येत नव्हतं, इतकी आनंदात होती. "आई, यू हॅव टु कम. इट्स काइंड ऑफ अबाउट अस."

मी म्हणाले, ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे गं, सुट्टी मिळत नाही.

सुट्टी मी मागितलीच नव्हती. मागितली असती तर मॅनेजरनं हसत दिली असती. मला भीती कशाची होती? जर्मनीला कशाला चाललीस, असं कुणी विचारलं तर काय सांगू — एवढीच. इतकी क्षुल्लक.

आणि शुभानं विचारलंच. शुभा माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण. "इरा दिसली नाही यंदा?" मी म्हणाले, "जर्मनीला गेलीय. कॉन्फरन्सला." तिथेच थांबायचं ना? पण तिचे डोळे कौतुकानं मोठे झाले, आणि मला ते आवडलं. पेपर वाचतेय, म्हणाले. प्रोफेसरांनी तिलाच निवडलं, म्हणाले. निवड झाली होती ना तिची — तेवढं खरं होतं, आणि तेच मी दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीला देऊन टाकलं.

महोत्सव संपल्यावर इरा थोडे दिवस घरी आली. मी मैत्रिणींच्या चार घरांना जेवायला बोलावलं होतं. इराला आधी कल्पना द्यायला हवी होती. दिली नाही. काय सांगणार होते? तुझी मला लाज वाटते, हे?

पुलावाचं भांडं घेऊन मी टेबलापाशी आले, तेव्हा शुभा इराला विचारत होती, "काय गं, जर्मनीची कॉन्फरन्स कशी झाली? पेपर वाचलास म्हणे! आई सांगत होती."

इरानं माझ्याकडे पाहिलं. मी पुलावाकडे पाहिलं.

सगळं कळलं तिला. एका क्षणात. ती उठून जाऊ शकली असती, सगळ्यांसमोर खरं सांगू शकली असती. त्याऐवजी ती शुभाकडे वळली, आणि — मराठीत बोलली. किती वर्षांनी. "कॉन्फरन्स चांगला झाला, मावशी. लोकांनी खूप प्रश्न विचारला."

माझ्यासाठी खोटं बोलत होती ती. माझ्या भाषेत. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"चांगला नाही इरा, चांगली. कॉन्फरन्स चांगली झाली. आणि प्रश्न विचारले."

सगळे हसले. मायेनंच हसले. इराही हसली. "चांगली झाली," ती म्हणाली, आणि ताट पुढे केलं.

मी तिला एअरपोर्टला सोडलं. परत गेल्यावर तिनं प्रयोगाचं रेकॉर्डिंग पाठवलं. खाली एवढंच — वाटलं तर बघ.

बघितलं. एक बंद पडलेला कारखाना असावा. बाकांवर लोक बसलेले, मधे अनवाणी इरा. आणि ती तासभर मराठी बोलते. फक्त मराठी. बोलता बोलता नाचते. ती, ते, तो — सगळं चुकलेलं. समोरच्या एकाही माणसाला ते कळत नाही. ती सांगते, लहानपणी कुणाकडे तरी गेलो असताना तिला सुरी लागली, ती रडत आईकडे धावली — "आई, माझा बोट कापला" — आणि आई भरल्या घरात म्हणाली, "माझा नाही, माझं बोट." मग आईनं बोट बघितलं.

मला हे आठवत नाही. रेकॉर्डिंग थांबवून खूप आठवून पाहिलं. कुणाचं घर? कोण कोण होतं? काहीच नाही. पण इरानं काढलेला तो आवाज माझाच होता, हुबेहूब.

अगदी शेवटी तेवढं ती इंग्लिशमध्ये सांगते: ही माझ्या आईची भाषा आहे, जिथे कुणी ती दुरुस्त करणार नाही, अशा ठिकाणी एकदा मला ती बोलायची होती. पहिल्या बाकावरची एक म्हातारी बाई डोळे पुसत होती. तिला मराठीचं एक अक्षर कळलं नव्हतं. मला प्रत्येक शब्द कळत होता, आणि — हेही सांगूनच टाकते — सुरुवातीचा बराच वेळ मी मनातल्या मनात तिच्या चुका दुरुस्त करत होते.

पुढे फोनवर तिनं हळूच विचारलं, "डिड यू वॉच इट?"

"अजून वेळच नाही झाला गं," मी म्हणाले.

तिनं परत विचारलं नाही.

गेल्या रविवारी फिरताना शुभा म्हणाली, "इराची पीएचडी संपत आली असेल ना आता?" मी म्हणाले, हो, पुढच्या वर्षी. तिनं माझा हात हातात घेतला. एकटीनं वाढवलंस तू पोरीला, म्हणाली, सोपं नसतं.

मी थँक यू म्हणाले.