फणसाच्या हंगामात गुंजीला नेलेला डबा

आक्काचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात एक लग्नपत्रिका जुळवत होतो. "फणस उतरायला लागलेत, करवंदं काळी झाल्यात. रविवारी ये," ती म्हणाली. मग जरा थांबून, "डबा घेऊन आलास तर मात्र स्टेशनवरूनच माघारी जा."

डब्याचं आधी सांगायला हवं. मी निपाणीत राहतो. दहावीनंतर शाळा सुटली आणि छापखान्यात लागलो. गेल्या वर्षी टायफॉइड झाला. डॉक्टरांनी सहा महिने बाहेरचं खाऊ नका म्हणून सांगितलं. ते सहा महिने कधीच संपले, पण माझी भीती संपली नाही. दिवाळीला मी आक्काच्या सासरी, खानापूर तालुक्यातल्या गुंजीला गेलो, तेव्हा पंगतीत वाढलेलं ताट बाजूला सरकवून आईनं दिलेला डबा उघडला. सुनेच्या भावाला आपल्या घरचं अन्न चालत नाही, एवढंच त्या घराला कळलं. त्यानंतर गुंजीहून बोलावणं आलं नव्हतं. ते आता आलं होतं, तेही आक्कानं सासूबाईंपुढे शब्द टाकून मिळवलेलं. या खेपेला तसंच झालं असतं, तर तिला पुन्हा तो शब्द टाकता आला नसता.

हे सगळं कळत असूनही रविवारी सकाळी मी डबा पिशवीच्या तळाशी ठेवलाच. आई म्हणाली, "असू दे. नाही लागला तर परत आण."

निपाणीहून बेळगावला दर थोड्या वेळानं बस असते. तवंदी घाट चढला की वारा जरा बरा लागतो. मग संकेश्वर, हत्तरगी. रस्त्याचं काम चालू असेल तर दोन तास धरा. उन्हाळ्यात जाणार असाल तर पहाटेची बस पकडा, कारण बेळगावच्या बाजारात ताजा माल बघायचा तर सकाळीच.

खडेबाजारातून गणपत गल्लीकडे वळलं की रस्त्याच्या कडेला गावाकडच्या बायका पोती अंथरून बसलेल्या असतात. वजनापेक्षा वाट्यावर विक्री जास्त. एक बाई एका गिऱ्हाइकाशी कानडीत घासाघीस करत होत्या आणि त्याच दमात दुसऱ्याला मराठीत दटावत होत्या. गुंजीला रानातली फळं भरपूर, पण उन्हाळ्यात भाजीपाल्याची चणचण असते, म्हणून मी दोडके, जवारी म्हणजे गावरान वांगी, मिरच्या आणि कोथिंबीर घ्यायचं ठरवलं होतं. दोडका मी उचलून, वाकवून, देठाकडून शेंड्यापर्यंत बघतो. तिसरा दोडका खाली ठेवला तशा त्या बाई म्हणाल्या, "आप्पा, पोरगी बघायला आलास काय? दोडका हाय त्यो. नांदवायचा न्हाय, शिजवायचा हाय."

शेजारची करवंदंवाली हसली. पळसाच्या पानाच्या द्रोणात तिची काळीभोर करवंदं होती. तिनं एक पुढे केलं. "खाऊन बघ, मग घे." मी हात मागे घेतला. "धुतलेली नाहीत ना," म्हटलं. "पाऊस पडल्यावर धुतलेली मिळत्यात," ती म्हणाली, "पन तवर संपत्यात." मी भाजी पिशवीत भरली आणि करवंदं न घेताच पुढे गेलो. स्टेशनपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

गुंजीला सगळ्या गाड्या थांबत नाहीत. तिकीट काढताना विचारून घ्या. पॅसेंजरचं तिकीट चहा-बिस्किटाच्या खर्चात येतं. खानापूर गेलं की शेतं मागे पडतात आणि झाडी रुळांजवळ येते. गाडीत गर्दी नव्हती. मी पिशवी मांडीवर घेतली होती आणि तळाशी असलेल्या डब्याची कड गुडघ्याला टोचत होती. तो बाकाखाली ठेवून विसरून जावा, असंही एकदा मनात आलं. पण आईचं अन्न असं टाकता येत नाही.

स्टेशनवर दाजी आले होते. ते बेळगावला फौंड्रीत कामाला, रविवारी सुट्टी. घरी पोचल्यावर आक्काच्या सासूबाईंनी, आम्ही दोघंही त्यांना आत्या म्हणतो, माझ्या हातातली पिशवी घेतली. भाजी बघून त्यांना आनंद झाला. "कवळं दोडकं आनलंस की रं!" म्हणत त्यांनी पिशवी सुपात उलटी केली. दोडके पडले, वांगी पडली, कोथिंबीर पडली आणि शेवटी डबा पडला.

आक्का चुलीपाशी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "आत्या, ते आईनं उगीच..."

"गप गं." आत्या डबा घेऊन खाली बसल्या. झाकण काढून वास घेतला. "भरलं वांगं व्हय? आनि कारळ्याची चटनी." मग माझ्याकडे वळल्या. "दिवाळीला तू डबा काढलास आनि आमचं ताट तसंच ऱ्हायलं. तवापासनं ही पोर घरात मान खाली घालून वावरतीया. आज असं करायचं. तुझ्या आईचं आमी खातो, आमचं तू खा. मग कुनाचं कुनाकडं काय ऱ्हायलं न्हाय."

त्यांनी डब्यातली पहिली भाकरी आक्काच्या हातात दिली. "माहेरची शिदोरी हाय. आधी तू."

आक्कानं उभ्या उभ्याच तुकडा मोडला. वर्षभरात ती निपाणीला आली नव्हती. तिनं वांग्याला भाकरी लावली, सावकाश चावली आणि मला विचारलंसुद्धा नाही. डबा बघता बघता रिकामा झाला. माझ्याकडे आता काहीच उरलं नव्हतं.

माझ्या ताटात भात, ओल्या काजूगरांची उसळ आणि रातांब्याचं सार आलं. मी पाण्याच्या तांब्याकडे बघत होतो. दाजी म्हणाले, "पाव्हनं, हिरीचं पानी दोनदा उकळलंय. आता हिरीला बी ताप यायचा न्हाय." सगळे हसले. मीही हसलो आणि हसता हसता पहिला घास गेला. उसळ गोडसर होती, काजूगर कोवळे, दाताखाली मऊ. दुसरा घास मी कुणी न बघता घेतला.

जेवणानंतर फणस. गुंजीला पाहुण्यानं फणस निवडायचा, अशी आत्यांच्या घरची रीत. त्यानं निवडलेला कच्चा निघाला तरी तोच कापतात आणि वर्षभर चिडवतात. ओळीनं ठेवलेले फणस मी टिचक्या मारून, वास घेऊन तपासले. "दार वाजीवल्यागत काय वाजवतोस?" आत्या म्हणाल्या. "आतनं कोन 'या' म्हनायचं न्हाय." मी बद्द आवाजाचा एक निवडला. कापा निघाला, घट्ट गऱ्यांचा, पिवळाधमक. हाताला खोबरेल लावून दाजींनी गरे काढले आणि निवडणाऱ्याचा म्हणून पहिला गरा माझ्या हातावर ठेवला.

मागच्या दारी आक्कानं करवंदांची टोपली काढली. लहानपणी आम्ही करवंद अर्धं चावून आत बघायचो. लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. तिनं एक माझ्यापुढे धरलं. "धुतलेलं न्हाय," ती म्हणाली.

"कोंबडा," मी म्हटलं आणि चावलं. कोंबडाच निघाला. चीक ओठांना चिकटला आणि तिनं पदरानं माझी हनुवटी पुसली, अगदी पूर्वीसारखी.

परत निघताना आत्यांनी माझा डबा दिलाच नाही. त्याऐवजी त्यांच्या घरचा पितळी डबा दिला, उसळ भरून, आणि वर पानात बांधलेले गरे. रिकामा डबा त्या घरातून बाहेर जात नाही. निपाणीत आईनं तो उघडला आणि उभ्यानंच चमचाभर उसळ चाखली. "पोरीच्या हाताला चव आली," एवढंच म्हणाली. मला रात्री पोट थोडं जड वाटलं. गरे जास्त झाले होते, दुसरं काही नाही.

पितळी डबा चिंच लावून घासून ठेवलाय. त्यात काय घालून पाठवायचं, हे आईचं अजून ठरत नाही. परवा आक्काचा फोन आला. "आत्या विचारत्यात, तुझा डबा कसा पोचवायचा?"

"राहू दे तिथंच," मी म्हटलं. "घरातल्या भांड्यांत मिसळला तरी चालेल."

"मिसळला की," ती म्हणाली. "काल त्यातनंच शेजारी करवंदं दिली."