अंजनाची तक्रार

केजच्या बाहेर, बीड रस्त्याला एका सहकारी दूध संघाचं शीतकरण केंद्र होतं. गावोगावच्या कॅनमधल्या दुधाचं फॅट काढायला तिथं धर्मराज नावाचा माणूस होता. कमी बोलणारा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. तिशी उलटेपर्यंत त्यानं पॅन्ट-शर्टात दिवस काढले. मग बीडच्या कलेक्टर कचेरीतून तृतीयपंथी म्हणून ओळखपत्र काढलं, नाव अंजना लावून घेतलं, आणि एका सोमवारी अंजना साडी नेसून कामावर आली.

सुरुवातीला तिचा सत्कार झाला. चेअरमन अर्जुनरावांनी शाल घातली, फोटो काढून घेतला. "आपला संघ माणसामाणसात भेद करत न्हाई," असं ते पेपरवाल्याला म्हणाले.

तो फोटो पेपरात आला, आणि तोच नडला. दूध घालणारे एकेक करून येऊन सांगायला लागले, तिचा हात आमच्या दुधाला लागायला नको. दुष्काळाचं वर्ष होतं, दूध आधीच आटलेलं. अर्जुनरावांनी तिला कॅन धुवायला लावलं.

बायकांच्या संडासाला कुलूप लागलं ते त्याच आठवड्यात. किल्ली मॅनेजर गहिनीनाथच्या खिशात. बाकीच्या बायका मागून घ्यायच्या, अंजनाला मिळायची नाही. पुरुषांच्या संडासाला कडी नव्हती, आणि ती आत गेली की कुणीतरी हटकून दार ढकलायचं. तिनं ड्युटीवर पाणी पिणं सोडलं. सगळा तालुका टँकरची वाट बघत होता. त्यात एक बाई मुद्दाम तहानलेली राहते हे कुणाच्या ध्यानात येणार? भर उन्हात कॅन धुताना ती कोसळली. लघवीतून रक्त जात होतं.

दवाखान्यातून उठली ती बीडला वकीलबाईंकडं गेली. रुक्मिणीबाई त्यांचं नाव. त्या म्हणाल्या, "कायदा तुमच्या बाजूनं आहे. नोकरीत भेदभाव करता येत नाही. अन् प्रत्येक संस्थेत तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. आधी तिथं तक्रार द्या."

अंजनानं तक्रार दिली. संघानं कायदा तंतोतंत पाळला. तक्रार अधिकारी नेमला, गहिनीनाथ.

त्यानं सगळ्या स्टाफला बोलावलं आणि तक्रार मोठ्यानं वाचून दाखवली. किल्लीच्या वाक्यावर थांबला.

"किल्ली मिळत न्हाई म्हणतीस. कुणाकडं हाय किल्ली?"

"तुमच्याच खिशात हाय, साहेब."

"मी आत्ता मॅनेजर न्हाई, तक्रार अधिकारी हाय. नीट बोल." मग तो स्टाफकडं वळला. "किल्ली द्यायला माझी ना न्हाई. पण आधी खात्री कराय पायजे का नको? दवाखान्यात पाठवू, का हितंच बघायचं?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं हिशेबनीस उत्तरेश्वर हसला, टेबलावर हात आपटून. अंजना उभीच होती. तक्रारीत तथ्य नाही, असा निर्णय झाला आणि तिची सही घेतली.

गावाकडं तिची आई भिवराबाई एका म्हशीवर घर चालवायची. त्या घरचं दूध गावातल्या डेअरीनं बंद केलं. अंजना भेटायला गेली तर आई उंबऱ्यातच आडवी बसली.

"धर्मा, तू मेला असतास तर सुतक फिटल्यावर लोकांनी दूध घेतलं असतं," ती म्हणाली. "आता काय करू मी, सांग."

अंजना माघारी फिरली आणि केजमध्ये पत्र्याची खोली करून राहिली.

पुढं संघानं दुष्काळामुळं कर्मचारी कपात जाहीर केली. कपात एकाच माणसाची झाली.

रुक्मिणीबाईंनी या वेळी गोड बोलणं टाळलं. "भेदभाव करू नका म्हणून कायद्यात लिहिलंय. मालकानं केलाच तर त्याला काय शिक्षा, ते मात्र धड लिहिलेलं नाही. पण कामावरून काढायची रीत त्यांनी चुकवलीय. आपण तिथं धरू." आणि त्यांनी धरलं. निकाल लागेपर्यंत कामावर घ्या, पगार कमी करू नका, असा हुकूम कोर्टानं दिला.

अर्जुनरावांनी हुकूम मान्य केला. पगार तोच ठेवला आणि बदली केली संघाच्या चारा छावणीवर, शेण उचलायला. छावणीवर बायकांसाठी आडोसाच नव्हता, त्यामुळं किल्लीचा प्रश्नही उरला नाही.

एका दुपारी उत्तरेश्वर छावणीवर आला. जनावरं मोजायच्या निमित्तानं आला होता. मोजून झाल्यावर गव्हाणीपाशी तिच्याजवळ आला.

"तुझी वकीलबाई," तो हळू बोलला, "बायको नको असणाऱ्या माणसाची बी केस घेती का?"

अंजनाला समजायला वेळ लागला. मग तिनं घमेलं खाली ठेवलं.

"कुणाला कळलंय?"

"न्हाई. पण घरचे पोरगी बघायलेत. अन् गहिनीनाथला संशय आला तर मला दुसऱ्या दिवशी हाकलतील."

"त्या दिवशी तू लई हसलास."

"हसलो नसतो तर माझ्याकडं बघितलं असतं त्यांनी."

तिनं वकीलबाईंना कधीतरी हेच विचारलं होतं. ओळखपत्राचा कायदा तिच्यासारख्यांचा. पुरुषावर जीव जडणाऱ्या उत्तरेश्वरसारख्यांवर आता गुन्हा होत नाही, पण खाजगी नोकरीत त्यांना वाचवणारं कलम त्या कायद्यात नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. अंजनानं त्याला तसंच सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. तिला त्याची दया यायला हवी होती. आली नाही.

"मग मी काय करू?"

"हसत ऱ्हा," ती म्हणाली. "अजून मोठ्यानं हस."

पाऊस पडल्यावर छावणी मोडली. उत्तरेश्वरचं लग्न तेलगावच्या मुलीशी झालं. सगळ्या संघाला आवतण होतं, अंजनाला नव्हतं. ती आता केंद्राच्या गेटबाहेर बसते. हुकुमामुळं पगार चालू आहे, काम काही दिलेलं नाही. कोर्टात तारखा पडतात, आणि तारखेच्या दिवशी कामावर आली नाही म्हणून गहिनीनाथ तिची रजा मांडतो.