भाकरी खाल्लेला राक्षस

माझा पहिला मृत्यू सांगलीत हळदीच्या वखारीत झाला, भर दुपारी, आणि तो मला कळलासुद्धा नाही. हातात हळकुंड तसंच धरून मी सगळ्या बायकांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"मेलीस तू," समोरची म्हणाली. "सरक मागं."

दुष्काळाच्या सालात मी माण तालुक्यातून सांगलीला आले होते. शाळा सहावीत सुटली. त्यानंतर घरात माझ्या हाताला काम नव्हतं, तोंडाला मात्र दोन वेळा लागायचंच. आमच्या गावची, नात्यानं लांबची एक काकी सांगलीत एकटी राहायची, नवरा मुंबईला गिरणीत. तिनं मला आपल्या खोलीत घेतलं आणि स्वतः कामाला जायची त्याच वखारीत लावलं. तिचे उपकार मी आजही विसरलेले नाही. पण तेव्हा उपकारापेक्षा भीती मोठी होती. ही कधी "जा आता घरी" म्हणेल, या धास्तीनं मी तिच्या आधी उठायचे आणि तिच्यानंतर जेवायचे. ती नुसती खाकरली तरी मी हातातलं टाकून उभी राहायचे. परत जाणं म्हणजे आईच्या चुलीपुढं खाणारं एक माणूस वाढवणं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

वखारीत आम्ही रांगेनं बसायचो. पुढ्यात हळदीचा ढीग. हळकुंडं एकीकडं, गड्डे दुसरीकडं, मोडका चुरा तिसरीकडं. हात कामात, तोंडं मोकळी. मला वाटलं होतं, गाणी म्हणत असतील, नाहीतर सासवांच्या कागाळ्या. पहिल्याच दिवशी कानावर आलं ते असं:

"मावशे, त्या राक्षसाला पाठीला डोळं दिलंस, बरं दिलंस. पर त्येला झोपच न्हाई म्हंजे काय? ह्यो काय न्याव झाला व्हय?"

"झोप लागली असती तर तू त्येचं मुंडकं कापलं नसतंस?"

"कापणारच की! मग काय पाय चेपू?"

मी हबकून काकीकडं पाहिलं. तिनं मान वर न करता सांगितलं, "खेळ हाय. बघ आन् शिक."

दाराजवळ बसणारी एक म्हातारी, सगळ्यांची मावशी, ती हा खेळ चालवायची. गोष्ट तिची, पण आत चालणाऱ्या आम्ही. एका राणीची सावली राक्षसांनी चोरून नेली होती आणि ती परत आणायला टोळी निघाली होती. राणी म्हणजे माझी काकी. एकीचा नवरा फौजेत होता, ती शिपाईण. मिरजेची एक फटकळ बाई होती, ती चोरटी. आणखी दोघीतिघी होत्या. मावशी म्हणायची, "म्होरं दरी हाय. काय करता?" मग जिला जे सुचेल ते तिनं करायचं. निभावलं की नाही, ते एकी-बेकीवर. मूठ मारायची, म्हणजे पुढ्यातल्या ढिगातून न मोजता मूठभर हळकुंडं उचलायची, सुपात ओतायची, शेजारणीनं त्यांच्या जोड्या लावायच्या. जोड्या पुऱ्या लागल्या तर तुझी सरशी. एक हळकुंड उरलं तर राक्षसाची. आणि मेलेली बाई मेली. रडून, भांडून, मावशीला तंबाखू देऊनसुद्धा परत येत नाही.

मला दिवटीवाली केलं. पुढं दिवा धरून चालायचं. मला वाटलं, हे आपल्याला जमेल.

त्या दुपारी मावशी म्हणाली, "हितं एक पेव हाय. झाकण काढलंय. आत सावली हलल्यागत वाटतीया."

"दोरीला दिवा बांधून आत सोडते," मी म्हणाले.

"सोडलास. निम्म्यात गेला आन् इझला."

"वारा असंल. परत पेटवते आणि मीच उतरते."

रांगेतले हात थांबले. "इचार कर, पोरी," मावशी म्हणाली. मला वाटलं, ती माझं धाडस बघतेय. काकीपुढं मागं हटायचं नव्हतं. म्हणाले, "उतरते."

आणि मी मेले. मूठ भरायलाही मिळाली नाही.

सांगलीकडं तेव्हा हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. फार दिवस बंद असलेलं पेव उघडलं की आतली कोंडलेली हवा माणसाला घेते. म्हणून आधी दिवा सोडतात. तो विझला तर कुणी उतरायचं नाही. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आमच्याकडं पेवात ठेवण्याजोगं काही पिकतच नव्हतं, मला कुठनं माहीत असणार? मावशीचा राक्षस म्हणजे ती हवाच होती. त्याला दात नव्हते, नखं नव्हती, तो जागचा हलतही नव्हता. तोंड उघडून पडून राहायचा आणि कुणीतरी आपल्या पायानं येईल याची वाट बघायचा. राक्षस असाही असतो, या गोष्टीनंच माझ्या अंगावर काटा आला.

पण खरा धक्का पुढं होता. माझ्या मरणावरनं वखारीत भांडण पेटलं.

"ती माणची हाय!" मिरजेवाली कडाडली. "तिला पेव म्हंजे काय ठावं? जे ठावंच न्हाई त्यानं मारायचं, ह्यो राक्षस न्हवं, दरोडा हाय. निदान मूठ तरी मारू द्यायची!"

शिपाईण म्हणाली, "माझं मालक सांगत्यात, सुरुंग काय वर पाटी लावून पुरत्यात व्हय?"

"मग जा की लढाईवर! हितं खेळतीस कशाला?"

"आन् मरायचंच न्हाई तर तू तरी खेळतीस कशाला, बया? घरी बसून सारीपाट खेळ."

मावशी शांत होती. "हे बगा, राक्षस कसाबी करावा. दांडगा करावा, कपटी करावा. पर खूण ठेवली पायजे. म्या दिवा इझवला का न्हाई?"

"खूण वळखणाऱ्याला खूण. तिला त्यो वारा वाटला."

"मग इचारायचं!" मावशी म्हणाली. "तोंड दिलंय की देवानं."

ते माझ्या जिव्हारी लागलं. मी खरंच विचारलं नव्हतं. खेळातच नव्हे, सांगलीत आल्यापासून मी कुणाला काही विचारलंच नव्हतं. विचारलं की आपण ओझं होतो, असं मला वाटायचं.

मिरजेवाली आणि शिपाईण यांनी पुढं कितीतरी दिवस एकमेकींशी अबोला धरला. जिवंत माणसाच्या, तेही माझ्यासारखीच्या, खोट्या मरणावरनं! त्या दुपारीच मुकादम आला, "हात चालवा, हात," म्हणून ओरडला, आणि जाता जाता मावशीजवळ वाकून म्हणाला, "पर मावशे, पोरगी नवी हाय म्हंताना तू दोनदा सांगायला पायजे हुतं." मी थक्क झाले. तो दाराआडनं रोज ऐकत होता.

खेळाचा एक नेम होता: जी मेली तिनं पुढचा राक्षस करायचा. मावशीच्या कानात तीन गोष्टी सांगायच्या. त्याला काय पाहिजे, तो कशाला भितो आणि काय झालं तरी तो काय करत नाही. वर एक खूण. मावशीला पटलं तर राक्षस उभा राहायचा आणि त्याच्या वतीनं मूठ आपण मारायची.

राक्षस करायचा म्हणजे राणीवर वार करायचा. राणी कोण, तर जिच्या खोलीत मी निजते आणि जिच्या पिठाची भाकरी खाते, ती. खेळच आहे, हे मला कळत होतं. पण त्याच खेळापायी दोन बायका एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या, हेही दिसत होतं. काकीच्या राणीला मी मारलं आणि तिच्या मनात बसलं, तर माझं बोचकं बांधायला किती वेळ लागणार?

शेवटी मावशीच्या कानात सांगितलं. "नदीच्या उतारात, चालत पार हुत्यात तितं, बसलेला राक्षस. त्येला माणसं पायजेत. विस्तवाला भितो. आन् ज्यानं त्येला खायला घातलं, त्येला त्यो कधीच मारत न्हाई." खूण म्हणून काठावर धुऊन पालथ्या घातलेल्या थाळ्या ठेवल्या.

मावशीनं माझ्याकडं नीट बघितलं. "चालंल," म्हणाली. "बघू काय हुतंय."

मिरजेवालीच्या चोरटीला थाळ्यांचा अर्थ लगेच लागला. तिनं फडक्यातली भाकरी राक्षसापुढं टाकली. राक्षस मागं सरला. ती सुखरूप पार. मग दुसरीनं भाकरी घातली, तिसरीनं घातली. मूठ भरायचं कामच पडेना. आधी हशा झाला, मग हसणं विरलं, मग सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

"ह्यो राक्षस हाय का जावई?" मिरजेवाली म्हणाली. "जेवला की गप!"

शिपाईण चिडलीच. "मी काय भाकऱ्या वाटायला निघालीया? फुकट जितल्यावर सांगू काय कुणाला? ह्याच्यापरीस ते पेव बरं. निदान भ्या तरी वाटत हुतं."

इतक्या दिवसांनी त्या दोघींचं एकमत झालं, तेही माझ्याविरुद्ध. मी मावशीकडं पाहिलं. ती म्हणाली, "नेमात बसतंय. खूण हुती, तुमाला कळली. पर पोरी, ज्याच्याफुडं कुणी मरत न्हाई त्येच्याफुडं कुणी जगतबी न्हाई बग."

राणी अजून अलीकडच्या काठावर होती. राणीनं मागनं जायचं असा शिरस्ता होता. सगळ्यांनी काकीकडं पाहिलं. ती हळकुंडं निवडत होती. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"ह्ये तू माज्यासाठी केलंस," ती म्हणाली.

मी खाली बघून हळकुंडं निवडायला लागले.

"माजी भाकरी खातीस म्हणून मला सोडणार? आन् ह्या सगळ्यांस्नी माज्या नावानं फुकट सोडणार?" तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "मी तुला जेवायला घालती ती तू माज्यावर दया करावीस म्हणून व्हय गं?"

"न्हाई काकी—"

"राणीजवळ भाकरी न्हाई," ती मावशीला म्हणाली. "असली तरी घालणार न्हाई. राणी मोकळ्या हातानं पाण्यात उतरली."

"आवं काकी, घाला की!" मी ओरडलेच. "एक तुकडा घाला!"

"मूठ मार."

"विस्तव तरी घ्या. त्यो विस्तवाला भितो, मी सांगते तुमाला!"

"ह्ये सांगायचं काम न्हवं तुजं," मावशी म्हणाली.

"मूठ मार," काकी म्हणाली.

मी ढिगात हात घातला. उचलली त्यातली अर्धी हळकुंडं गळून पडली. उरली ती शिपाईणीच्या सुपात ओतली. तिनं जोड्या लावायला घेतल्या. एक जोडी, आणखी एक जोडी. वखारीत हळदीची धूळसुद्धा जागच्या जागी थांबली असेल. शेवटी सुपात एक वाकडं हळकुंड एकटं पडलं होतं.

दाराआडनं मुकादमाचा आवाज आला, "आयला, राणी मेली?"

मावशी म्हणाली, "मेली."

कामावरनं सुटल्यावर काकी पुढं आणि मी मागं. रोज ती वाटेत भाजी बघायची, कुणाशी तरी बोलायची. त्या संध्याकाळी ती सरळ चालत राहिली. मी मनातल्या मनात माझं लुगडं, डबा, कंगवा बोचक्यात घालत होते. गावाकडं जायची दहिवडीची गाडी सकाळी असते, तोवर निजायला तरी देईल, एवढाच हिशोब चालू होता. आईला काय सांगायचं? राणीला मारलं म्हणून हाकलली?

खोलीत आल्यावर काकीनं हातपाय धुतले, स्टो पेटवला. मी दाराशीच उभी.

"खांबागत का उभी राहिलीस? बस."

बसले. ती बराच वेळ पीठ चाळत होती. मग एकाएकी म्हणाली, "त्येला पाण्यात का बसवलंस?"

मला काही कळेना. "कुणाला?"

"कुणाला काय? राक्षसाला. उतारात बसलेला लांबनं दिसतो की. माणूस तयारी करूनच येतं. त्येला अलीकडं, गवतात निजवायचा हुता. आन् भाकरीचं चांगलं हुतं, पर एकदाच. एकदा खाल्ली की दुसऱ्याला न्हाई, असं पायजे हुतं. मग बघितली असती मिरजेवालीची गंमत. भाकरीवरनं आपसातच जुंपली असती त्यांची."

मी तिच्याकडं बघतच राहिले. ती माझ्यावर रागावली नव्हती. म्हणजे राग होता, पण तो राक्षस कच्चा झाला याचा होता. गावाकडनं आणलेल्या पोरीशी बोलावं तसं ती बोलत नव्हती. वखारीत मिरजेवालीशी भांडावं तसं माझ्याशी बोलत होती.

"आता म्या करणार राक्षस," ती म्हणाली. "मेली न्हवं का मी! कुणाला सांगू नगंस. ह्येला सावली न्हाई. दुसऱ्याची सावली पांघरून हिंडतो. कोण खरं, कोण राक्षस, कळायचं न्हाई. खूण काय ठेवायची तेबी ठरलंय. पर ह्यो भितो कशाला, ते काय सुचंना. तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं, हे सांगलीत पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. मग मी भीत भीत सांगितलं, अंधाराला भीत असेल, अंधारात सावली कुठली टिकायला?

काकीनं विचार केला. मान हलवली.

"वंगाळ," ती म्हणाली. "मग काय, दिवा फुकला की संपला? शिपाईण हसंल तुला. नीट इचार कर."

आणि पिठाची परात तिनं माझ्याकडं सरकवली.