सल्ला न देण्याचे चाळीस तास

३ जुलै २०१२ रोजी आमच्या व्यवस्थापन महाविद्यालयाच्या सेवा-उमेदवारी विभागाला वर्षभरासाठी ४१,२५० रुपये मंजूर झाले. लेखापाल या नात्याने तो आकडा मीच लिहिला होता. त्यात काही काटछाट होईल का ते बघा, असे संचालकांनी सांगितले, म्हणून मी त्या विभागात गेलो. विभाग म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे पूर्वी झेरॉक्सचे यंत्र असे. आत शिरताना माझे डोके तिरक्या छताला लागले.

"वाकून यायचं असतं इथे," टेबलामागच्या बाई म्हणाल्या. "मुलांना पहिल्या आठवड्यात समजतं. तुमचं बघू."

या आत्याबाई. साऱ्या महाविद्यालयात त्यांना याच नावाने ओळखत, आणि ते त्यांनी स्वतःवर ओढवून घेतले होते. व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलांच्या तोंडी सतत 'जर' असतो. जर भांडवल मिळालं, जर बाजार वाढला, जर गिऱ्हाईक आलं. असा तिसरा 'जर' आला की बाई शांतपणे म्हणत, "आत्याबाईला मिशा असत्या तर आपण तिला काका म्हटलं असतं. पुढे बोला." कुठल्याशा तुकडीने त्यांचेच नाव आत्याबाई ठेवले. त्यांना ते कळले तेव्हा म्हणाल्या, "घरीही तीच आहे. निदान दोन नावं लक्षात ठेवायला नकोत."

घरी खरोखरच त्या आत्या होत्या. एका औषध कंपनीच्या कर्मचारी विभागात त्यांची बारा वर्षे नोकरी झाली होती. भाऊ अचानक गेला, त्याच सुमारास कंपनीने दूरच्या शहरात बस्तान हलवले. वहिनी आणि दोन लहान भाचरे यांना सोडून जाणे त्यांना पटेना. निम्म्या पगारावर त्या आमच्याकडे आल्या. भाचरे पुढे शिकून मार्गी लागली. उरल्या दोघी, आणि त्या रेडिओच्या आवाजावरून रोज भांडत. एकदा काही कागद द्यायला मी घरी गेलो, तर वहिनी स्टुलावर चढलेल्या.

"जगाच्या पोरांना नोकऱ्या लावते ही बाई," त्या वरूनच मला म्हणाल्या, "आणि घरातला बल्ब बदलायला मी."

"तुम्हाला अनुभव आहे, वहिनी," खालून स्टूल धरून आत्याबाई म्हणाल्या. "मी उमेदवार."

त्यांच्या विभागाचे काम असे. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने कुठल्यातरी सेवाभावी संस्थेत ऐंशी तास विनामूल्य काम करायचे. ते पुरे झाले की आत्याबाई प्रमाणपत्रावर सही करत. ते प्रमाणपत्र कंपन्या मागत, त्यामुळे सहीला वजन होते. शिवाय दर बुधवारी संध्याकाळी त्या एखाद्या नोकरदार माणसाला मुलांशी बोलायला बोलवत. अट एकच असे. पाहुण्याने आपले फसलेले एक काम सांगायचे. कितीतरी मोठे अधिकारी ही अट ऐकून यायचे टाळत. जे येत, त्यांना मुले तास संपला तरी सोडत नसत.

पण विभागाचा खरा नियम दुसराच होता. ऐंशीपैकी पहिले चाळीस तास संस्थेला एकही सल्ला द्यायचा नाही. झाडायला सांगितले तर झाडायचे, नोंदी करायला सांगितल्या तर करायच्या. मुले याला मौनव्रत म्हणत आणि त्यावर नकला करत. आत्याबाई म्हणत, "उंटावरून शेळ्या हाकायला दोन वर्षं शिकवतोच आपण. चाळीस तास खाली उतरून शेळ्या तर बघा."

मी त्या दिवशी एकही रुपया कमी न करता परतलो. खर्च होता तो मुलांच्या बसभाड्याचा, आणि चहा त्या घरून थर्मासमध्ये आणत. तेव्हापासून त्यांच्याकडे माझे जाणे-येणे सुरू झाले.

त्या वर्षीच्या तुकडीत एक हुशार मुलगा होता. तो काहीही बोलायचा तर बोटे मोजत बोलायचा, मुद्दा एक, मुद्दा दोन. मित्रांनी त्याचे नाव मुद्देसूद ठेवले होते. वडील नव्हते. मोठी बहीण रुग्णालयात परिचारिका होती आणि त्याच्या शिक्षणाचे कर्ज तिच्या नावावर होते. मालाची गोदामे चालवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने त्याची निवड केली होती. सेवेचे प्रमाणपत्र ठरलेल्या शुक्रवारी कार्यालय बंद होण्याआधी पोचले पाहिजे, नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला जाणार होती. अभ्यासाच्या नादात त्याने ऐंशी तास शेवटावर ढकलले होते.

आत्याबाईंनी त्याला साधन-केंद्रात पाठवले. घरी आजारी माणूस असेल तर हे केंद्र खाट, चाकाची खुर्ची, चालण्याचा आधार अशा वस्तू फुकट वापरायला देते. ते चालवणारे गृहस्थ कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांनी एका पत्र्याच्या शेडमध्ये हे सुरू केले. सगळे त्यांना फिटरकाका म्हणत. काका रोज सकाळी फोन घेऊन बसत आणि एकेका घरी चौकशी करत. आजी कशा आहेत, झोप लागते का, खुर्चीचं चाक करकरतं का. बोलता बोलता कळे की वस्तूची गरज संपली आहे, मग ती परत येई. कधी चार महिने येतही नसे.

मुद्देसूदला काकांची वही संगणकावर उतरवायचे काम मिळाले. त्याने ते चोख केले. उतरवताना त्याच्या लक्षात आले की जवळजवळ प्रत्येक वस्तूची मुदत उलटून गेली आहे, आणि काका सकाळचे तीन तास फोनवर घालवतात. त्याला राहवेना. सल्ला द्यायला बंदी होती, म्हणून त्याने सल्ला दिला नाही. घरी बसून त्याने एक व्यवस्था तयार केली आणि कंपनीच्या मुदतीला आठ दिवस असताना, एका गुरुवारी, कुणालाही न सांगता सगळ्या घरांना एका दमात संदेश धाडला: 'आपल्याकडील साधनाची मुदत संपली आहे. कृपया त्वरित परत करावे.'

शुक्रवारी सकाळी मी जिन्याखालच्या खोलीत चहा पीत होतो. आत्याबाईंच्या फोनवर एक फोटो आला. शेडच्या दारात खुर्च्या, खाटा, आधार यांची रांग लागली होती. खाली मुद्देसूदने लिहिले होते, 'परतीचे प्रमाण एका दिवसात विक्रमी.'

आत्याबाईंनी फोटो नीट पाहिला. मग कप खाली ठेवला. "चला," त्या मला म्हणाल्या. "टेम्पो लागेल, आणि पैसे तुम्हीच मंजूर करणार."

आम्ही पोचलो तेव्हाही लोक येतच होते. एक जावई सासूचा चालण्याचा आधार खांद्यावर टाकून आला होता. "उशीर झाला, माफ करा," तो काकांना म्हणाला. काका एका रिकाम्या खाटेच्या कडेला बसले होते. मुद्देसूद वस्तू मोजून खडूने आकडे घालत होता.

आत्याबाईंनी जवळच्या खुर्चीवर हात ठेवला. "ही कुणाची?"

"सत्तावीस नंबर, मॅडम."

"ते खुर्चीचं नाव झालं. माणसाचं सांग."

तो फोनवर यादी उघडू लागला.

"आता ती व्यक्ती कशावर बसली असेल?"

"मॅडम, मी सल्ला दिला नव्हता," तो म्हणाला. आवाज पडला होता.

"नाही दिलास. खरं आहे ते."

शेवटी काकाच म्हणाले, "त्याला ओरडू नका. यादी छान केलीय पोरानं. लोक भले आहेत हो, मागितलं की देऊन टाकतात. म्हणून तर मी मागत नाही."

हिशेब मात्र बाकी होता. मुद्देसूदचे केंद्रातले तास छत्तीस झाले होते. व्यवस्था बनवायला घरी लागलेले चव्वेचाळीस तास धरले तर ऐंशी पुरे होतात, असे त्याचे म्हणणे. संचालकांनाही तेच हवे होते. त्यांनी आत्याबाईंना बोलावले. मी तिथेच फायली घेऊन उभा होतो.

"बाई, मुलानं मेहनत केली आहे. करून टाका सही. तास कोण मोजतंय?"

"मी मोजते, साहेब. तेवढ्यासाठीच तुम्ही मला पगार देता."

"एवढी मोठी कंपनी. एक जागा गेली तर आपल्या माहितीपुस्तकात काय छापायचं?"

"तुम्हाला सही हवी असेल तर तुमची करा. त्या कागदावर चालेल की नाही, लेखापालांना विचारा."

संचालकांनी माझ्याकडे पाहिले. चालणार नव्हती, तसे मी सांगितले.

दुपारी मुद्देसूदची बहीण आली. पाळी संपवून थेट, गणवेशातच. छताखाली तीही वाकली नाही आणि तिलाही लागले. आत्याबाईंनी तिला बसवून थर्मासमधला चहा दिला.

"ताई, त्याची चूक झाली. मान्य," ती म्हणाली. "पण पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू होतोय. एका सहीचा प्रश्न आहे."

"तुमच्या वॉर्डात," आत्याबाईंनी विचारले, "औषध द्यायचं राहिलं आणि नर्सनं दिल्याची खूण केली, तर?"

तिने कपातला उरलेला चहा संपवला. मग म्हणाली, "किती तास राहिलेत?"

"चव्वेचाळीस. पुढच्या शुक्रवारपर्यंत. वस्तू ज्याच्या त्याला परत पोचवणं हे केंद्राचंच काम आहे, ते तास मी धरीन. पण अर्ध्यावर कंटाळला तर माझा नाइलाज."

"कंटाळू दे तर," बहीण उठत म्हणाली. "घरात घेणार नाही."

शनिवारपासून टेम्पो फिरू लागला. चालक, फिटरकाका, मुद्देसूद, आणि कार्यालय सुटल्यावर आत्याबाई. भाड्याच्या निमित्ताने मीही दोनदा गेलो. पहिल्या घरी मुद्देसूदने तयारी केली होती. एक निवृत्त शिक्षिका जमिनीवरच्या गादीवर पडून होत्या. सून दारात उभी होती.

"आजी, मी माफी मागायला आलोय. मुद्दा एक..."

"आधी खाट जोड बाळा," आजी म्हणाल्या. "मुद्दे मला वर बसून ऐकू दे."

त्याने जोडली. कठडा उलट्या बाजूला बसला, आणि आजी चढणार कशा हे कुणाला कळेना. काकांनी सगळी उकलायला लावली. दुसऱ्यांदा बरोबर जमली. उशी पाठीला लावून आजी बसल्या तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही परत का केलीत? नाही म्हणायचं होतं."

"मला वाटलं, माझ्याहून जास्त नड असलेलं कुणी आलं असेल."

त्यानंतर त्याने कुठल्याच घरी बोटे मोजली नाहीत. एका घरी खुर्ची पोचायच्या आधी म्हातारे गृहस्थ न्हाणीघरात पडले होते. मनगट सुजले होते. मुलगा तावातावाने बोलला, आणि ते ऐकून घेण्यासारखेच होते. मुद्देसूदने ऐकून घेतले, मग त्यांना रिक्षाने दवाखान्यात नेले आणि क्ष-किरण तपासणी होईपर्यंत बाकावर बसला. हाड मोडले नव्हते. आत्याबाई त्याच्या शेजारी बसल्या होत्या. त्या त्याला एकही शब्द बोलल्या नाहीत, धीराचा नाही आणि रागाचाही नाही. मी नंतर एकदा त्यांना कारण विचारले. म्हणाल्या, "मी बोलले असते तर त्यानं माझं ऐकलं असतं. तिथं ऐकण्यासारखं दुसरं होतं."

माणसे घडवण्याच्या बाता मारणारे मी नोकरीत पुष्कळ पाहिले. पण मुलाची नोकरी जाईल ही भीती स्वतःच्याही मनात असताना त्याच्या बाकावर गप्प बसून राहणारी व्यक्ती ही एकच. भीती होती, हे मला ठाऊक आहे. त्या आठवड्यात रेडिओवरून एकदाही भांडण झाले नाही, असे वहिनी काळजीने सांगत होत्या.

शुक्रवारी दुपारी शेवटची खुर्ची पोचली आणि तास पुरे झाले. रस्त्याच्या कडेला टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून आत्याबाईंनी सही केली. प्रमाणपत्रात शेरा लिहायला दोन ओळींची जागा असते. बहुतेक शेरे 'समाधानकारक' एवढेच असत. त्यांनी लिहिले, 'केंद्राच्या कामात न विचारता मोठा बदल केला. त्रास झालेल्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन तो निस्तरला. खाट जोडता येते.'

मुद्देसूदने वाचले. "हे असंच पाठवायचं?"

"खोटं काय आहे त्यात?"

"काही नाही."

"मग पाकीट तू बंद कर. नको वाटलं तर फाड. दुसरं मी लिहिणार नाही."

त्याने गोंद लावून पाकीट बंद केले आणि माझ्या हातात दिले. महाविद्यालयाची रोकड-खिडकी तोपर्यंत बंद झाली होती. आत्याबाईंनी पर्स उघडली, तर त्यात बसभाड्यापुरतीच चिल्लर. "आत्ता तुम्ही भरा, उद्या देते," त्या म्हणाल्या. मी त्याच दिवशी पोचवणाऱ्या कुरियरकडे धावलो. पाकीट कार्यालय बंद होण्याआधी पोचले.

कंपनीने त्याला घेतले. परत आलेल्या मालाच्या विभागात नेमणूक झाली, हे ऐकून फिटरकाका शेडमध्ये एकटेच बराच वेळ हसत होते, असे टेम्पोवाल्याने सांगितले.

कुरियरचे एकशे ऐंशी रुपये आत्याबाईंकडून मला अजून येणे आहेत.