अळूच्या पानासारखा रंग

ऐंशीच्या दशकात मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. बोईसरला आमचं घर अगदी रस्त्याला लागून. वर्षभरात भिंत काजळीने काळवंडायची. मागे मोरीपाशी अळू होतं. त्यावरही तीच काजळी बसायची, पण भांडी विसळताना पाणी उडालं की गोल थेंब घरंगळत जायचे आणि पान लख्ख. एकदा पान पदराने खसाखसा चोळून बघितलं. वरची पांढुरकी झाक गेली आणि पाणी त्यावर पसरलं.

कारखान्याच्या मालकांना म्हटलं, "असा रंग केला तर? पाऊसच भिंत धुऊन काढेल."

"करून बघा. पण रोजचं काम सांभाळून."

आधी रंगात मेण घातलं आणि रंगवलेला पत्रा घराच्या कुंपणाला टांगला. थेंब उभे राहिले, पण घरंगळेनात. उन्हात मेण मऊ झालं आणि धूळ आणखीच चिकटली. जवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूरहून मासळी घेऊन येणारी बाई पत्र्याकडे बघून हसली.

"बाय, याच्यात तेल ओतलं हाय का? धूल बग कशी चिकटली!"

मला हसू आलं नाही.

पालघरच्या कॉलेजात ओळख काढून सूक्ष्मदर्शकाखाली पान पाहिलं. सपाट वाटणाऱ्या पानावर बारीक उंचवटेच उंचवटे. थेंब त्यांच्या टोकांवरच टेकत असणार, धूळही. आणि आम्ही रंग गुळगुळीत व्हावा म्हणून तो दिवसभर दळत बसायचो!

मग मेणात खडूची भुकटी मिसळून मुद्दाम खरखरीत थर दिला. थेंब धुळीसकट खाली पळाले. पत्रा घेऊन मी जवळजवळ धावतच मालकांकडे गेले. त्यांनी त्यावर बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

"अळूला नवी पानं फुटतात, बाई. भिंतीला कुठून फुटणार?"

ते चुकीचं बोलले असते तर मी भांडले तरी असते. थर पक्का बसावा म्हणून राळ वाढवली की उंचवटे बुडायचे. कमी केली की थर हाताला यायचा. मधलं प्रमाण काही केल्या सापडेना. शेवटी पत्रे भंगारात गेले आणि मला गंजरोधक रंगाच्या तपासणीवर बसवलं.

पुढे नव्वदचं दशक सरता सरता परदेशात असा रंग निघाल्याचं वाचलं. नवरा कौतुकाने म्हणाला, "बघ, तुझंच बरोबर होतं."

मी इतकी चिडले की त्या संध्याकाळी त्याच्याशी बोललेच नाही. नुसतं बरोबर असून काय करायचं होतं?