चुंबकाला न चिकटलेली गोळी

माझ्या भावाला नेमबाजीच्या रेंजवर सगळे 'चुंबक' म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि त्याला ते आवडतं. त्याच्या गळ्यात दोरीला बांधलेलं एक लोहचुंबक असतं. कोणी स्वतःची काडतुसं घेऊन आला की दादा डबी उघडतो आणि चुंबक वरून फिरवतो. गोळीच्या पोटात पोलाद असलं की ती टुणकन चिकटते आणि मग त्या माणसाची खैर नसते. पोलादाची गोळी टार्गेटमागच्या पत्र्यांची चाळण करते, तुकडे उलटे उडतात. एकदा त्यानं मालकांच्या व्याह्यांनाच दारातून परत पाठवलं होतं. मालक आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत, आणि दादाला त्याचं काही सोयरसुतकही नव्हतं.

घरीही तेच. मी संसार मांडला तेव्हा घेतलेल्या प्रत्येक भांड्याला त्यानं चुंबक लावून पाहिलं. "ही दोन पातेली गंजणार," म्हणाला. गंजली. मेला अजून आला की तीच पातेली शोधून काढतो आणि माझ्या नाकासमोर धरतो.

आई-वडिलांमागे त्यानंच मला वाढवलं. काउंटरची नोकरी त्यानंच लावून दिली. मी बंदुका नोंदवून घेते, कानावर लावायचे मफ देते, भाडं घेते. काडतुसं मात्र त्याच्याच हातून जातात. आणि रेंजच्या दुरुस्तीचं काम निघालं तेव्हा मालकांना गळ घालून माझ्या नवऱ्याला त्यानंच तिथं घेतलं. नवरा गवंडी. सगळं कुटुंब एका छपराखाली आलं म्हणून मी खुशीत होते, अक्कल गहाण ठेवल्यासारखी.

टार्गेटमागचे जुने जाड पत्रे खड्डे पडून निकामी झाले होते. ते काढले. नवे यायला वेळ होता, तोवर डाव्या बाजूच्या, गोळ्या झाडायच्या लेनमागे पातळ पत्रा आणि त्यावर रबरी चटया टांगल्या. त्या पत्र्यामागे एक अरुंद बोळ, आणि बोळातल्या भिंतीला गिलावा करायचं काम माझ्या नवऱ्याचं. मला वाटलं होतं, काम होईपर्यंत रेंज बंद असेल. मालक म्हणाले, "बंद ठेवली तर माणसं दुसरीकडे जातील. डाव्या लेन चालू राहतील."

मी तिथल्या तिथे भडकले. "माझा माणूस त्या पत्र्यामागे उभा राहणार आणि इकडून लोक गोळ्या झाडणार?"

दादानं मला बाजूला घेतलं. स्वतः लेनवर उभा राहून पत्र्यावर बारीक शिशाची गोळी मारून दाखवली. चपटी होऊन खाली पडलेली ती माझ्या तळहातावर ठेवली. अजून कोमट होती.

"हीच गोळी चालेल. तीही आपल्या काउंटरवरची. बाहेरून आणलेली एकही आत जाणार नाही, मग ती देवाची का असेना. मी बसलोय ना?"

तो बसलाय म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. 'स्वतःची काडतुसं सक्त मनाई' अशी पाटी त्यानं स्वतः रंगवली आणि दारावर ठोकली. पहिले काही दिवस तर बघायलाच नको. लोक डब्या घेऊन यायचे, वाद घालायचे, आणि दादा नुसतं पाटीकडे बोट दाखवायचा. नवरा सकाळी थापी आणि घमेलं घेऊन बोळात शिरायचा, दुपारी पांढरा होऊन जेवायला बाहेर यायचा. "तुझा भाऊ असताना मला काय होतंय?" म्हणायचा.

मग दातांचे डॉक्टर आले. वर्षानुवर्षं येणारे, मऊ बोलणारे गृहस्थ. मी पलीकडच्या टोकाला मफ पुसत होते, पाठ त्यांच्याकडे. दादाची दाढ दुखत होती आणि गाल सुजला होता. डॉक्टर म्हणाले, "आ करा बघू." दादानं आ केला. "उजवीकडची का? ही काढावी लागणार हं." दादा घशातून 'हं हं' करत होता. मला हसूच आलं. साऱ्या रेंजला धाकात ठेवणारा माणूस काउंटरवर तोंड वासून बसलेला!

आणि तो तसा आ करून बसलेला असताना त्याच्या हातानं काय केलं ते मला नंतर कळलं: डॉक्टरांनी पुढे केलेली डबी उघडली, चुंबक वरून फिरवलं आणि डबी परत सरकवली. वर्षानुवर्षं करत होता तसंच. नियम बदलला होता, हात बदलला नव्हता. डॉक्टरांनाही वाटलं, चुंबकानं दिली म्हणजे चालणारच, आणि ते डबी घेऊन लेनवर गेले.

बारीक गोळीचा आवाज आम्हाला इतका सवयीचा, की कानावर पडतो पण ऐकू येत नाही. हा आवाज वेगळा होता. छातीत बसला. दादाची मान खाडकन वळली. त्यानं लाल दिव्याचं बटण दाबलं, "थांबा! थांबा!" ओरडत तो बोळाकडे धावला आणि मी त्याच्यामागे.

नवरा बोळातून स्वतःच बाहेर येत होता. भिंतीला धरून. थापी खाली पडली म्हणून तो वाकला होता, एवढंच. ओल्या गिलाव्यात भोक पडलं होतं. तिथं, जिथं त्याचं डोकं असायचं. मी त्याला चाचपत होते, कुठं लागलंय, कुठं लागलंय, आणि तो नुसता मान हलवत होता. मला रडूही येईना. डॉक्टर पिस्तूल लेनवर ठेवून धावत आले.

दादानं गिलाव्यातून गोळी उकरून काढली. तांब्याचं आवरण असलेली, पिस्तुलाची, पातळ पत्रा फोडेल एवढी जड. त्यानं तिला चुंबक लावलं. ती चिकटली नाही. पुन्हा लावलं. पुन्हा नाही.

"चिकटत नाही गं," तो मला म्हणाला. "बघ ना. चिकटतच नाही."

चिकटणार कशी? तांबं आणि शिसं चुंबकाला कधी चिकटतात? हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं! पण तो पुन्हा पुन्हा लावत राहिला. शेवटी मीच त्याच्या हातातून गोळी काढून घेतली. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती आणि त्याला पोटाशीही धरावंसं वाटत होतं. दोन्ही केलं नाही.

मालक डॉक्टरांवर घसरले. पाटी दिसत नाही का, वगैरे. दादा मध्ये पडला. "त्यांचा दोष नाही. डबी मी दिली." मालकांनी त्याला काढलं नाही. पत्र्यावर आणखी एक पत्रा चढवायला लावला आणि पुढच्या आठवड्यात रेंज पुन्हा सुरू करायचं फर्मान काढलं. बारीक गोळीच, आणि मागे काम चालूच. मी नवऱ्याला म्हटलं, जायचं नाही. तो म्हणाला, अर्धी भिंत टाकून कसा जाऊ? असली माणसं पदरात पडलीत माझ्या.

रेंज सुरू झाली त्या सकाळी दादानं काउंटरवरचं एकेक काडतूस हातात घेतलं, गोळीवर नख रोवून शिसं मऊ आहे का पाहिलं. गळ्यात चुंबक नव्हतं. सगळी काडतुसं माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "तू दे. मी आलोच." पहिले नेमबाज लेनवर उभे राहिले. टप्, टप्, सुरू झालं. तेवढ्यात नवरा घमेलं घेऊन माझ्यापुढे आला.

"अगं, दादा मला बोळात येऊ देईना. म्हणतो, तासभर थांबा."

मी धावत गेले. बोळाचं दार ढकललं. दादा आत रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसला होता. पाठ पत्र्याला लावून. त्या भोकाच्या बरोबर समोर, डोकं ताठ. पत्र्यावर गोळ्या आपटत होत्या आणि प्रत्येक आवाजाला त्याच्या पापण्या मिटत होत्या.

"वेडबिड लागलंय का तुला? ऊठ!"

"आधी मी बसतो. तासभर काही झालं नाही तर भाऊजींना पाठव."

मी तशीच मागे वळले. काउंटरकडे धावले आणि लाल बटण दाबलं. लेनवरची माणसं थांबली, मफ काढून माझ्याकडे बघू लागली. आतून मालक बाहेर आले.

"कोणी दाबलं?"

"मी. जाड पत्रे येईपर्यंत इथं बारीकही गोळी सुटणार नाही. मला काढायचं तर काढा."

मालकांनी दादाकडे बघितलं. तो बोळाच्या दारात येऊन उभा होता, पाठीवर पत्र्याची धूळ. त्यानं दारावरची स्वतः रंगवलेली पाटी उतरवली आणि उलटी करून टेबलावर ठेवली. मग ब्रश शोधायला लागला. रंगाचा डबा पुढ्यात ओढला, पण सुकलेलं झाकण उघडेना. नवऱ्यानं तो त्याच्या हातून घेतला आणि थापीच्या टोकानं झाकण उचकटून दिलं.

"लिहा दादा," तो म्हणाला. "बंद म्हणून लिहा. मी आत जातो."